मावशीची फुगडी आणि हिरवा चौकोन

मावशीला स्वतःला बघायचं होतं. एवढीच तिची मागणी होती.

गौरी यायच्या आदल्या आठवड्यात ती लोणी काळभोरहून आमच्याकडे हडपसरला राहायला आली, ती पिशवीत गुडघ्यांचे एक्स-रे घेऊनच. दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते. ऑपरेशन गणपती झाल्यावर होतं, आणि डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की नंतर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, उड्या-बिड्या तर विसरायच्याच. त्यावर मावशीने विचारलं होतं, "आन् फुगडी?" डॉक्टर तरुण होता. त्याला आधी वाटलं, आजी चेष्टा करतायत.

ती चेष्टा करत नव्हती. आईच्या माहेरी आणि मावशीच्या सासरी, दोन्हीकडे, फुगडी म्हटलं की मावशीला बोलावणं जायचं. पंचमीला, गौरीला, कुणाच्या मंगळागौरीला. तिच्यासमोर उभं राहायला बायका घाबरायच्या, कारण ती फिरायला लागली की समोरचीचे पाय जमिनीला लागतात की नाही याची खात्री नसे. हे सगळं मी ऐकलेलं. मी लहान असताना बघितलंही असेल, पण आठवत नाही.

"समदी म्हंत्यात, लई भारी खेळती," मावशी मला म्हणाली. "मी कुठं बघितलंय मला? खेळणाऱ्याला दिसतंय व्हय? तुझ्याकडं तो कॅमेरा हाय न्हवं. ह्या गवरीला काढ माझी फुगडी. एकदा बघते आन् मग जाते दवाखान्यात."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही होतं. गौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका खेळायला लागल्या की मला दरवर्षी हाताला धरून रिंगणात ओढायच्या, आणि मला ते अजिबात सहन व्हायचं नाही. पस्तिशीची बाई, आयटीत नोकरी, लग्न नाही, खेळायचं नाही म्हणते म्हणजे काहीतरी बिनसलेलंच असणार, असे चेहरे करून बायका बघायच्या. हातात कॅमेरा असला की कोणी ओढत नाही.

कॅमेरा मी गेल्या वर्षी घेतला होता. त्याची मुख्य बढाई ही की तो माणूस ओळखतो. पूर्वी फोकस कुठे हवा ते आपण ठरवायचो. हा स्वतःच समोरचा माणूस शोधतो, माणसाचा चेहरा शोधतो, चेहऱ्यातला डोळा शोधतो आणि त्यावर एक हिरवा चौकोन ठेवतो. माणूस सरकला की चौकोन सरकतो. मी हे सगळं आमच्या सोसायटीतल्या मांजरावर तपासून पाहिलं होतं. मांजर पार्किंगमध्ये बसल्या जागी पेंगत होतं आणि चौकोन त्याच्या डोळ्यावरून हलला नव्हता. माझं पोट याच कामावर भरतं. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी काय काय गृहीत धरलं आणि कुठे तोंडावर आपटले ते शोधून त्यांना कळवते. पेंगणाऱ्या मांजरावर चालणारी गोष्ट फुगडीवर चालेल असं एखाद्या पोराने मला ऑफिसात सांगितलं असतं, तर मी त्याला दुपारपर्यंत सोडलं नसतं.

त्या कॅमेऱ्याला एखादा चेहरा शिकवूनही ठेवता येतो, मग गर्दीतही तो त्या चेहऱ्याला आधी धरतो. मी मावशीला बाल्कनीत खुर्चीवर बसवलं. ती आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशी बसली, ताठ, ओठ मिटून, पदर दोन्ही खांद्यांवरून. चौकोन तिच्या डोळ्यावर येऊन थांबला. मी म्हटलं, आता हा तुला ओळखतो, तू कुठेही जा, हा तुला सोडणार नाही.

"तुझ्या काकापरीस बरा म्हणायचा," मावशी म्हणाली.

आई आतून हसली. मीही हसले. कॅमेरा मावशीला ओळखतो, हे माझं वाक्य मी पुढचे दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते. आता ते आठवलं की कान गरम होतात.

गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर आम्ही हॉल रिकामा केला. सोफा भिंतीला, टीपॉय बाल्कनीत. समोरच्या भिंतीशी दोन्ही गौरी उभ्या होत्या, मोठीला हिरवी पैठणी, धाकटीला जांभळी, मागे दिव्यांच्या माळा, पुढे फराळाची ताटं. मुखवटे आईच्या सासूबाईंच्या वेळचे आहेत, पण डोळे दोन वर्षांपूर्वी नव्याने रंगवून घेतले होते. काळेभोर, टपोरे, पापण्यांचा एकेक केस काढलेला. मावशीनेही हिरवंच नऊवारी लुगडं नेसलं होतं. साडीच्या आत गुडघ्यांवर पट्टे होते, आणि जेवणानंतर तिने दुखण्याची गोळी घेतली होती, ती मला दिसली होती.

सोसायटीतल्या आणि जुन्या गावठाणातल्या मिळून बऱ्याच बायका जमल्या. आल्या आल्या सगळ्यांचे फोन वर झाले. मला चौकटीत फोन धरलेले हात नको होते. मी एक रिकामी परात आणली आणि सगळ्यांना फोन त्यात ठेवायला लावले. मी शूट करतेय, सगळ्यांना पाठवते, तुम्ही निवांत खेळा, असं म्हटलं. बायकांनी ऐकलं. परात मी स्वतः आतल्या खोलीत नेऊन ठेवली. बाबा तिथे पेपर वाचत बसले होते, त्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. आई भज्यांचा घाणा सोडून मधेच बघायला बाहेर आली, तर तिलाही मी म्हटलं, मागे हो, मधे येतेस. ती झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मी दाराशी, चपलांच्या कपाटाला पाठ लावून उभी होते. समोर बायका, त्यांच्या मागे गौरी. मागचं सगळं धूसर दिसावं, नुसती मावशी उठून दिसावी, म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवली होती. तसं केलं की नेमक्या एका अंतरावरचंच स्पष्ट येतं, पुढेमागे सगळं विरघळतं. चौकोन मावशीला धरून असल्यावर मला काळजी कसली.

आधी झिम्मा झाला, मग इतर बायकांच्या फुगड्या झाल्या, आणि मग सगळ्या कडेला सरकल्या. मावशी मध्ये आली. तिच्यासमोर गावठाणातली एक दणकट बाई उभी राहिली, वयाने बरीच लहान. दोघींनी पायाला पाय लावले, हातांची कात्री केली, मागे झुकल्या आणि फिरायला लागल्या. कडेच्या बायका तोंडाने ठेका धरत होत्या. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघत होते. हिरवा चौकोन बरोबर मध्यावर होता. मधूनमधून जरा थरथरत होता, दिसेनासा होत होता, परत तिथेच येत होता. हिरव्या साडीच्या पलीकडे हिरवी साडी होती. चौकोन जागेवर आहे ना, एवढंच मी शेवटपर्यंत पाहत राहिले.

फुगडी थांबली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, आईचा एक घाणा जळला होता. मला तिचा रागच आला, एवढ्या बायका आल्यात आणि हिचं लक्ष कुठे असतं म्हणून. मावशी खुर्चीत बसून धापा टाकत होती. तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आलं का, असं तिला विचारायचं होतं. मी अंगठा वर केला.

आता टीव्हीवर लाव, असं कुणीतरी म्हणालं, आणि मी मोठ्या हौसेने लावलं.

टीव्हीवर गौर दिसली. तिच्या पापण्यांचे केस दिसत होते, नथीतले मोती दिसत होते, कपाळावरच्या कुंकवाचे कण सुटे सुटे दिसत होते. तिच्यासमोरून रंगांचे मोठमोठे गोळे इकडून तिकडे जात होते. मला वाटलं, सुरुवातीला असेल, पुढे पकडलं असेल. मी पुढे ढकललं. गौर तशीच. गोळे तसेच. एकदा क्षणभर फोकस तिच्यावरून सुटल्यासारखं झालं, सगळी खोलीच पुढेमागे हेलकावली, आणि परत गौर आली. एकीने हात जोडले आणि म्हणाली की देवीच्या मनात असेल तसंच होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोने चष्मा पुसून परत लावला.

"गौरीचं चित्र सुरेख आलंय हो," त्या म्हणाल्या. "आता बायकांचं कधी काढणार आहात?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते काहीच नव्हतं. मावशी खुर्चीत पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होती. बाकी सगळ्यांना कळलं होतं की घोटाळा झालाय. तिला कळलं नव्हतं. ती वाट बघत होती.

"ह्यात मी कुठली?" तिने विचारलं.

मी पडद्याजवळ जाऊन एका हिरव्या गोळ्यावर बोट ठेवलं. "ही."

मावशीने त्या हिरव्या गोळ्याकडे मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

मी बोलायला लागले. उजेड कमी पडला, मागे दिव्यांच्या माळा होत्या, कॅमेऱ्याचा मेंदू असा असतो नि तसा असतो. कोणी काही विचारलेलं नसताना मी बोलतच राहिले. आईने भज्यांचं ताट माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांना वाढ म्हणाली. वाढताना मी खाली बघूनच वाढत होते. परातीतले फोन परत देताना तर मला एकेकीची नजर चुकवावी लागली, कारण त्यातला एखादा जरी चालू असता तरी मावशीचं काम झालं असतं. आईने नंतर तेच ऐकवलं, कढई घासता घासता, माझ्याकडे न बघता.

काय झालं ते समजायला काही अवघड नव्हतं. चौकोनाला चेहरा लागतो. दोन डोळे, मध्ये नाक, समोरून, जरा वेळ एका जागी. फुगडीत माणसाचा चेहरा क्षणभर आपल्याकडे येतो, मग गाल, मग कान, मग आंबाडा. चौकोन उठून निघेपर्यंत पाठ झालेली असते. मी शिकवून ठेवलेला मावशीचा चेहरा बाल्कनीतला होता, ओठ मिटलेला. फिरणारी, धापा टाकणारी मावशी त्याच्या ओळखीची नव्हतीच. आणि मागे कोण उभी होती, तर जन्मात न हलणारी, डोळे न मिटणारी, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी. त्याला सांगितलं तेवढं काम त्याने केलं. त्याला माणूस आणि मुखवटा यातला फरक कळत नाही, हे कंपनीच्या मदतीच्या पानावर साध्या शब्दांत लिहिलेलं होतं, पुतळे आणि चित्रांवर फोकस जाऊ शकतो म्हणून. मी ते पान त्या दिवशी उघडलं. ऑफिसात कोणी असं केलं की मी त्याला फक्त पानाची लिंक पाठवते, वर एक शब्दही लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा मावशी पलंगाच्या कडेला बसून गुडघ्यांना पट्टे बांधत होती. उजवा गुडघा चांगलाच सुजला होता.

"गवरी हायेत तवर उरकून घेऊ," ती म्हणाली. "लाव तुझा कॅमेरा."

मी नको म्हटलं. सूज दाखवली. डॉक्टरांचं नाव काढलं. शेवटी तर मी रागावले, कारण लाज वाटली की मला रागच येतो, ही माझी जुनी खोड आहे. मावशी पट्टे बांधत राहिली. तिच्या हिशेबात गौर घरात आहे तोवरच खेळायचं, गौर गेली की खेळ संपला, आणि पुढच्या गौरीला तिचे गुडघे डॉक्टरांचे झालेले असणार होते. त्यामुळे वेळ होती ती एवढीच. मी म्हटलं, पण बायका सगळ्या कामावर गेल्या, समोर कोण उभं राहणार? आईला नुसतं मान वर करून बघितलं तरी गरगरतं.

"तू," मावशी म्हणाली.

"मग कॅमेरा कोण धरणार?"

"त्याला ठिव की उभा. कालबी तूच कुठं धरला व्हतास, त्यानंच केलं समदं."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. मावशीला टोमणे जमत नाहीत, ते खातं आईकडे आहे.

मी पडदे उघडले, हॉलमधले सगळे दिवे लावले. कॅमेरा ट्रायपॉडवर उभा केला. माणूस ओळखायची सोय बंद केली. लेन्स बारीक केली, म्हणजे पुढेमागे सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट यावं. जमिनीवर जिथे आम्ही फिरणार तिथे रांगोळीचा एक ठिपका काढला, आईला त्यावर उभं केलं आणि तिच्या नाकावर हाताने फोकस लावून तो तसाच ठेवला. फार वेळ लागला नाही. आदल्या दिवशीही लागला नसता.

मग मी मावशीसमोर उभी राहिले. पायाला पाय लावले. तिच्या पायांची बोटं गार होती. तिने माझे हात कात्रीत धरले, आणि मी तिची पकड बघून चकित झाले. मला वाटलं होतं, मी तिला सांभाळणार आहे.

"खाली बघू नगं, भित्तीकडं बघू नगं, चक्कर येती," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडं बघ. आन् भ्यायचं न्हाई, मागं झुक. मी धरलंय."

आम्ही फिरायला लागलो. आधी हळू, माझे पाय एकमेकांत अडकत होते. मग मला ती झुकायची जागा सापडली आणि वेग आला. बाल्कनी, टीव्ही, आई, गौरी, दार, सगळं पुसलं जाऊन त्याचे लांब पट्टे झाले. एकच गोष्ट जागेवर होती, ती मावशीचा चेहरा. तो अगदी स्पष्ट दिसत होता. मी इतक्या जवळून, इतका वेळ, न बोलता तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. तिने खालचा ओठ दातांखाली धरला होता. प्रत्येक पावलाला डाव्या डोळ्याखालची कातडी आकसत होती. डोळ्यांत पाणी होतं आणि ते वाऱ्याने आलेलं नव्हतं. तिला भयंकर दुखत होतं. माझ्यामुळे दुखत होतं. माझी चूक झाकायला ती सुजलेल्या गुडघ्यांवर फिरत होती, आणि मला थांबताही येत नव्हतं, कारण मी हात सोडला असता तर ती पडली असती. मला इतकी लाज वाटली की मी नजर वळवायला गेले, तर लगेच खोली गरगरली. परत तिच्याकडेच बघावं लागलं.

आईने "पुरे" म्हणून टाळी वाजवली तेव्हा आम्ही थांबलो. मावशी भिंत धरून उभी राहिली. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "आलं का?" तिने विचारलं. या वेळी मी आधी स्वतः लावून पाहिलं आणि मग हो म्हटलं.

टीव्हीवर सगळं स्पष्ट होतं. मावशीच्या पट्ट्यांमुळे फुगलेलं नऊवारी, माझा घरातला टी-शर्ट, माझे अडखळणारे पाय. एक म्हातारी बाई दुखऱ्या पायांनी एका अवघडलेल्या बाईला फिरवत होती. मावशीने ते शेवटपर्यंत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ओळखल्याची खूण काही उमटली नाही.

"चांगलं आलंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पर कालच्यावानी न्हाई झालं. काल झाली व्हती फुगडी."

मी बंद केलं.

दुपारी दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता वाहिल्या, आईने दोन्ही गौरींना जागेवरून हलवलं. मुखवटे उतरवून मोठीचा मावशीच्या मांडीवर दिला. ती खुर्चीवर पाय लांब करून बसली होती आणि मऊ कापडाने गौरीच्या कपाळावरचं कुंकू पुसत होती. मी खाली बसून दिव्यांच्या माळा गुंडाळत होते. आई जुन्या साडीचे तुकडे करत होती, मुखवटे गुंडाळून पेटीत ठेवायला.

"तू सांग की," मावशी मला म्हणाली. पुसता पुसताच, सहज. "व्हिडिओ ऱ्हाऊ दे. तू समोरच व्हतीस की काल. कशी दिसत व्हते मी?"

"छान," मी म्हटलं.

"छान म्हंजी कसं?"

ती थांबून माझ्याकडे बघत होती. बाल्कनीत कॅमेऱ्यासमोर बसली होती तशी, ताठ. मी आठवायला लागले. मला चौकोन आठवला. तो थरथरला, गेला, परत आला. हिरवं काहीतरी आठवलं. मी म्हटलं, "ओठ दाताखाली धरला होतास." ती म्हणाली, "त्ये आजचं. कालचं इचारते मी."

खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं. पण तेही सुचलं नाही. माळ माझ्या हातात तशीच राहिली, आणि मावशीच्या तोंडावरून मला कळलं की तिला कळलं.

"सुरुवातीला तू पाय चाचपत होतीस," आई म्हणाली. ती साडीचा तुकडा फाडत होती, वर बघितलं नाही. "म्हटलं, ही काय आता फिरत नाही. ती पुढची बाई तर भ्यालीच व्हती, तू पडलीस तर काय करायचं म्हणून. मग तू एकदा मान मागं टाकलीस. झालं. तिथनं तू गुडघे इसरलीस." बहिणीशी बोलताना आईचं हडपसर गळून पडतं आणि मूळ गाव वर येतं. "आंबाड्यातला आकडा उडाला तुझा, तिकडं फराळाच्या ताटात जाऊन पडला. येणी खांद्यावर आली. चिंचेवर चढायचीस तवा तुझं तोंड जसं व्हायचं ना, आम्हाला खाली उभं करून, तसं झालं व्हतं. दात समदे बाहेर. आन् आवाज काढत व्हतीस."

"मी?" मावशी म्हणाली.

"तू न्हाई तर कोण. हुं, हुं करून. समद्यांनी ऐकलं. माझी भजी गेली जळून त्यात."

मावशी हसली. तिने डोळे मिटून घेतले, गौरीचा मुखवटा मांडीवर तसाच, आणि म्हणाली, "आन् मग?"

"मग काय. फिरत व्हतीस. आन् दर फेरीला तोंड हिकडं आलं, की हिच्याकडं बघून हसत व्हतीस." आईने माझ्याकडे बोट केलं. "दर फेरीला. मला वाटलं, ही पोरगी आता तरी तो डबा खाली करून एकदा हसंल."

मावशीने डोळे उघडले नाहीत. "काम करत व्हती ती," असं म्हणाली.

आईने गौरीचा मुखवटा तिच्या मांडीवरून उचलला, डोळ्यांवरून कापड घेतलं, गुंडाळलं आणि पेटीत ठेवला. मग मावशीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि मावशी लहानपणी कुठल्या कुठल्या फुगड्या खेळायची, पंचमीला विहिरीपाशी काय झालं होतं, ते सांगायला लागली. मधेच मावशी म्हणाली, "त्ये नंतर. कालचं परत सांग." आईने परत पहिल्यापासून सांगितलं, पाय चाचपण्यापासून. मी गुंडाळलेली माळ बाजूला ठेवून ऐकत बसले. काल त्या खोलीत मावशीच्या बरोबर समोर मीच उभी होते, आणि त्यातलं काहीही मला माहीत नव्हतं.